पाटीवरचे नाव



५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. पांढुर्णा आणि सौंसर या आपल्या दोन तहसिली छिंदवाड्यातून निघाल्या. नवा जिल्हा म्हणजे नव्या इमारती. जिल्हाधिकारी कार्यालय, रुग्णालय, न्यायालय, आज ना उद्या एखादे सभागृह आणि देव करो, एखादे चांगले वाचनालय. इमारत उभी राहिली की तिला नाव हवे, आणि नावाचा विषय निघाला की चहाच्या टपरीपासून नगरपालिकेपर्यंत सगळ्यांना बोलायचे असते. आपल्या भागात ज्यांनी मुले शिकवली, शाळा उभ्या केल्या आणि पुढे विधानसभेत जाऊन आपली बाजू मांडली, अशा माणसाचे नाव एखाद्या इमारतीला असावे, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. मलाही वाटते. कोणाचे, ते मी आज बोलणार नाही. नाव उच्चारले की व्याख्यान संपते आणि गट पडतात. मला आज एवढेच पाहायचे आहे, की आपल्या जुन्या प्रांतात शिक्षक-आमदारांची नावे इमारतींना कशी लागली आणि लागल्यावर त्यांचे काय झाले.

आपला प्रांत म्हणताना मी सी. पी. अँड बेरार म्हणतो आहे. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

नागपुरात १८८५ साली एक कॉलेज निघाले. प्रांताचे चीफ कमिशनर सर जॉन मॉरिस यांच्या नावाने ते मॉरिस कॉलेज झाले. स्वातंत्र्यानंतर ते नागपूर महाविद्यालय झाले आणि आज तिथे वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था अशी पाटी आहे. या बदलात एक औचित्य आहे. नाईक याच मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ साली ते जुन्या मध्य प्रदेशाच्या विधानसभेत निवडून आले आणि रविशंकर शुक्लांच्या सरकारात उपमंत्री झाले. म्हणजे सौंसरचा प्रतिनिधी ज्या सभागृहात बसत होता, त्याच सभागृहात तेही बसत. कॉलेजच्या विद्यार्थ्याचे नाव कॉलेजला मिळाले, यापेक्षा चांगले काय? पण आज सीताबर्डीला ऑटोवाल्याला सांगा, तो ‘मॉरिस कॉलेज टी पॉइंट’वरच उतरवील.

मेयोचेही तसेच. मी रोगी नागपूरला पाठवतो तेव्हा चिठ्ठीवर ‘इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय’ असे लिहितो आणि तोंडाने ‘मेयोत घेऊन जा’ असे सांगतो. लॉर्ड मेयो हे व्हाइसरॉय होते आणि १८७२ साली अंदमानात एका कैद्याने त्यांचा खून केला, हे त्या रुग्णालयाच्या रांगेत उभ्या असलेल्या किती जणांना ठाऊक असेल? नाव दीडशे वर्षे टिकले, माणूस पार पुसला गेला. महात्मा फुले बाजाराला आपले संत्रेवाले आजही कॉटन मार्केटच म्हणतात. जिभेला लागलेले नाव ठराव करून सुटत नाही. म्हणून जुने नाव काढून नवे लावण्यापेक्षा, जिला अजून कुठलेच नाव पडलेले नाही अशी इमारत निवडलेली बरी. आपला जिल्हा नवा आहे. ही संधी फार जिल्ह्यांना मिळत नाही.

आता सागरकडे वळू. माझ्या मते या विषयातले सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण तिथे आहे, आणि ते आपल्यापासून दूरही नाही. छिंदवाडा जिल्ह्यातली महाविद्यालये वर्षानुवर्षे सागर विद्यापीठाला जोडलेली होती. इथे बसलेल्या कित्येकांच्या पदवीच्या कागदावर त्या विद्यापीठाचा शिक्का आहे.

डॉ. हरिसिंह गौर २६ नोव्हेंबर १८७० रोजी सागरला साध्या घरात जन्मले. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकले, मग केंब्रिजला गेले, बॅरिस्टर होऊन परत आले. १९१८ ते १९२२ ते नागपूर नगरपालिकेचे अध्यक्ष होते. दिल्ली विद्यापीठ निघाले तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू तेच आणि पुढे नागपूर विद्यापीठाचेही कुलगुरू. केंद्रीय विधिमंडळात ते बरीच वर्षे होते. वेगळ्या जातिधर्मांतल्या लग्नांना कायद्याचा आधार देणारी १९२३ ची दुरुस्ती त्यांच्या खटपटीने झाली, आणि स्त्रियांना वकिली करता यावी म्हणूनही ते झगडले. एवढे सगळे करून म्हातारपणी ते गावी परतले आणि आयुष्यभर वकिलीत मिळवलेला पैसा विद्यापीठात घातला. वीस लाख रुपये त्यांनी आधी दिले आणि मागाहून मालमत्तेचा मोठा हिस्सा मृत्युपत्राने विद्यापीठालाच लिहून दिला. १८ जुलै १९४६ रोजी मकरोनियाच्या लष्करी बराकींत वर्ग सुरू झाले.

त्या विद्यापीठाला त्यांनी नाव दिले ते गावाचे, सागर विद्यापीठ. पैसा त्यांचा, कल्पना त्यांची, पहिले कुलगुरूही तेच. स्वतःचे नाव लावले असते तर कोणी हात धरला नसता. २५ डिसेंबर १९४९ ला ते वारले, आणि विद्यापीठाला त्यांचे नाव लागले १९८३ साली. मधली चौतीस वर्षे नाव नव्हते, पण माणूस होता. सागरला तीनबत्तीवर त्यांचा पुतळा आहे. २६ नोव्हेंबरला तिथे माणसे जमतात आणि विद्यापीठाच्या आवारात त्यांच्या समाधीवर फुले वाहिली जातात. मॉरिस आणि मेयो यांच्या नेमके उलटे झाले. तिथे नाव राहिले आणि माणूस गेला. इथे माणूस आधीपासून होता, नाव मागाहून आले. म्हणूनच १९८३ च्या नामकरणावर भांडण झाल्याचे कधी कानावर आले नाही. त्याच वर्षी जबलपूर विद्यापीठ राणी दुर्गावती विद्यापीठ झाले.

रविशंकर शुक्लांबद्दल थोडेच सांगतो. खैरागडला त्यांनी हेडमास्तरकी केली होती. रायपूरचे विद्यापीठ १९६४ पासून त्यांच्या नावाने चालते. पण इथे दुसरीच गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९३७ साली ते आपल्या प्रांताचे शिक्षणमंत्री झाले, तेव्हा त्यांनी खेड्यापाड्यांसाठी एक योजना आणली. गावकऱ्यांनी जमीन द्यायची आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची. योजनेचे नाव होते ‘विद्या मंदिर’. वर्ध्याला महात्मा गांधींनी या योजनेच्या शिक्षकांच्या प्रशिक्षण शाळेची कोनशिला बसवली. आणि मुस्लीम लीगने आक्षेप घेतला तो शाळेपेक्षा ‘मंदिर’ या शब्दावर. योजना चांगली की वाईट हा प्रश्न मागे पडला आणि प्रांतभर दोन शब्दांवर वाद झाला. नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय आहे याला फारशी किंमत नसते, ऐकणाऱ्याच्या कानाला ते कसे लागते यावर गोष्टी ठरतात. आजही.

अकोल्याची गोष्ट आपल्या शेतकऱ्यांना जवळची. पापळचे पंजाबराव देशमुख १९३० साली प्रांतिक कायदेमंडळावर निवडून आले आणि शिक्षणमंत्री झाले. सौंसर तहसील त्याच प्रांतात होती, म्हणजे ते आपलेही शिक्षणमंत्री होते. ऑक्सफर्डला त्यांनी वेदवाङ्मयातील धर्माच्या उगमावर प्रबंध लिहिला होता. परत येऊन त्यांनी अमरावतीत सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले, जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या आणि देवस्थानांचे उत्पन्न शिक्षणासारख्या कामाकडे वळवावे म्हणून विधेयक मांडले. त्यासाठी त्यांना शिव्याशाप मिळाले. माझ्यासारख्या देवळात वाढलेल्या माणसालाही ते विधेयक तेव्हा रुचले नसते. आज वाटते, विचार करण्यासारखे होते.

अमरावतीला त्यांनी संस्था काढली ती श्री शिवाजी शिक्षण संस्था. वसतिगृहाला नाव श्रद्धानंदांचे, संस्थेला शिवरायांचे. गौरांप्रमाणे यांनीही आपले नाव कुठे लावले नाही. स्वातंत्र्यानंतर दहा वर्षे ते देशाचे कृषिमंत्री होते. १० एप्रिल १९६५ रोजी त्यांचे निधन झाले आणि २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्याला पंजाबराव कृषी विद्यापीठ सुरू झाले. ते सहजासहजी मिळाले नव्हते. विद्यापीठ विदर्भात यावे म्हणून १९६७ साली मोठे आंदोलन झाले, गोळीबार झाला, माणसे गेली. मागाहून नावात ‘डॉ.’ आणि ‘देशमुख’ हेही आले. पण शेतकरी काय म्हणतो? ‘पीकेव्ही’. कपाशीचे वाण म्हणजे ‘पीकेव्ही हायब्रीड टू’. पंजाबरावांचे नाव बियाण्याच्या पिशवीवर बसून विदर्भभर फिरले, पण फिरता फिरता तीन अक्षरांचे झाले. हे चांगले झाले की वाईट, यावर माझे मत अजून पक्के होत नाही. इंग्रजी अक्षरांत माणूस बुजला, हे खरे. पण ज्या वस्तूवर शेतकऱ्याचे वर्ष अवलंबून, त्या वस्तूवर नाव असणे हा मानही काही लहान नाही.

लांबलचक नावांचे हेच होते. भोपाळला आपण ज्या बस स्टँडवर उतरतो त्याला कुशाभाऊ ठाकरे यांचे नाव आहे. कंडक्टर ‘आयएसबीटी, आयएसबीटी’ ओरडतो. कुशाभाऊ धारचे, म्हणजे आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर रुजलेल्या मराठी घरातले. नोव्हेंबर २०२१ मध्ये मिंटो हॉललाही त्यांचे नाव दिले गेले. हा हॉल आपल्याला परका नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो, आणि आपले आमदार नागपूर सोडून याच मिंटो हॉलात बसू लागले. १९९६ पर्यंत विधानसभा तिथेच भरत असे. जुन्या मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. नव्या राज्यात हिंदी ही एकच राहिली. नागपुरात मराठीत बोललेले ऐकून घेतले जात होते, भोपाळला तो प्रश्नच उरला नाही. आपल्या शिक्षक-आमदारांच्या पिढीने हा बदल स्वतःच्या अंगावर घेतला. मराठी शाळांचे काय, पुस्तके कुठून येणार, शिक्षक कुठून येणार, ही त्यांच्या पिढीपुढची रोजची कटकट होती. निवडणुकीच्या भाषणांत या गोष्टी येत नाहीत, म्हणून त्या आठवणीतूनही लवकर जातात.

घर सोडून परप्रांतात मुरलेल्या मराठी माणसाच्या नावाची आणखी एक इमारत दिल्लीला आहे, रफी मार्गावरचे मावळंकर सभागृह. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर मूळचे रत्नागिरीकडचे, पण वाढले आणि रमले गुजरातेत. अहमदाबादला १९३५ साली ज्या मंडळींनी अहमदाबाद एज्युकेशन सोसायटी उभी केली, त्यांत ते होते. तिथले लोक त्यांना दादासाहेब म्हणत. त्यांनी मराठीपण सोडले नाही आणि गुजरातही आपलेच मानले.

मराठवाडा विद्यापीठाचा उल्लेख टाळून हा विषय पुरा होणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे सिडनहॅम कॉलेजातले प्राध्यापक, मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य आणि १९२७ पासून मुंबई कायदेमंडळाचे सदस्य. शिक्षक आणि आमदार या दोन्ही शब्दांना याहून लायक माणूस मराठीत शोधून मिळणार नाही. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाची सुरुवात केली. त्या भागात विद्यापीठ येण्याआधी उच्च शिक्षण नेणाऱ्यांत ते होते. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी त्यांचे नाव विद्यापीठाला देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली. नाव लागले १४ जानेवारी १९९४ रोजी, तेही ‘मराठवाडा’ शब्द ठेवून, नामविस्तार म्हणून. ठराव आणि पाटी यांच्यामध्ये सोळा वर्षे आणि इतकी राख. नाव म्हणजे नुसती अक्षरे असे म्हणणाऱ्यांनी ही सोळा वर्षे आठवावीत. ज्या घरातला माणूस कधी पुढच्या खुर्चीवर बसला नव्हता, त्याचे नाव दारावर लागणार होते. भांडण त्याचे होते.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपण इथे एकटे राहत नाही. पांढुर्णा विधानसभा मतदारसंघ आज अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे. छिंदवाड्याचे आदिवासी संग्रहालय १९५४ साली निघाले, पण त्याला बादल भोईंचे नाव मिळाले १९९७ मध्ये. परासिया तहसिलीतल्या या माणसाने इंग्रजांविरुद्ध लोक उठवले आणि तुरुंगात जीव दिला. छिंदवाड्याला २०१९ साली विद्यापीठ झाले, त्याला नंतर राजा शंकरशाह यांचे नाव मिळाले. १८ सप्टेंबर १८५७ रोजी इंग्रजांनी त्यांना आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना जबलपूरला तोफेच्या तोंडी दिले. गोंडांची नावे पाटीवर यायला एवढा उशीर झाला. तेव्हा नव्या जिल्ह्यात आपण नाव सुचवायला जाऊ, ते ‘मराठी माणसाचे नाव’ म्हणून नव्हे, तर ज्याच्या शाळेत कुणब्याचा, तेल्याचा, गोंडाचा आणि महाराचा मुलगा एका बाकावर बसला त्याचे नाव म्हणून. असा माणूस असेल तर हिंदी भाषक शेजारीही हात वर करतील. नसेल, तर आपण आपल्याच घरात पाटी लावलेली बरी.

थोडे आमच्या समाजातले सांगतो, विषयाशी संबंध आहे. संवत १५४८ मध्ये, म्हणजे इसवी सन १४९१ च्या सुमारास, जीवराज पापडीवाल नावाच्या श्रावकाने भट्टारक जिनचंद्रांच्या हातून हजारो जिनमूर्तींची प्रतिष्ठा करवली आणि त्या गावोगावच्या मंदिरांना पाठवल्या. विदर्भातल्या कितीतरी दिगंबर मंदिरांत त्या आजही पूजेत आहेत. मूर्तीच्या बैठकीवर बारीक अक्षरांत संवत, तिथी, भट्टारकांचे नाव आणि जीवराजांचे नाव कोरलेले असते. दर्शनाला येणाऱ्याला ते दिसतही नाही. पण इतिहास लिहिणारा वाकून वाचतो, आणि पाचशे वर्षांनी साल, स्थळ, माणूस आणि काम अशी चारही माहिती एका ओळीत मिळते. आपल्या संगमरवरी कोनशिलांवर काय असते? मंत्री, खासदार, आमदार, अध्यक्ष, उपाध्यक्ष, मुख्य नगरपालिका अधिकारी. ज्याचे नाव इमारतीला दिले त्याने काय केले, याची एक ओळही नसते. माझ्या धंद्यात बाटलीवरची चिठ्ठी गळून पडली की सगळ्या गोळ्या एकसारख्या पांढऱ्या दिसतात, मग आर्निका कुठली आणि बेलाडोना कुठली ते धन्वंतरीही सांगणार नाही. आपल्या सभागृहांचे तेच झाले आहे.

तेव्हा आपल्याकडे उद्या हा प्रश्न येईल त्या वेळी माझे म्हणणे असे. इमारत नगरपालिकेची असेल तर परिषदेचा ठराव लागेल, शासनाची असेल तर मंजुरी भोपाळहून येईल. त्या दोन्ही ठिकाणी भावना फार चालत नाहीत, कागद चालतो. माणसाने कोणती शाळा कोणत्या साली सुरू केली, किती वर्षे शिकवले, सभागृहात काय विचारले, हे तारखेनिशी हवे. विधानसभेची कार्यवाही छापील असते. १९५६ पूर्वीची नागपूरची आणि नंतरची भोपाळची. आपल्या प्रतिनिधींनी कोणते प्रश्न मांडले ते त्यात शोधता येते, आणि हे काम दोन तरुणांनी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत करण्याजोगे आहे. शाळांची दाखल-खारिज रजिस्टरे अजून शिल्लक आहेत तोवर पाहून घ्यावीत, उधईचा भरवसा नाही. ज्यांनी त्या माणसाच्या हातच्या छड्या खाल्ल्या ते विद्यार्थी आता सत्तरी-पंच्याहत्तरीत आहेत. माझ्या दवाखान्यात ते येतात, गुडघ्यांबद्दल कमी आणि गुरुजींबद्दल जास्त बोलतात.

इमारत निवडताना बस स्टँड नको. तिथे नाव कंडक्टरच्या तोंडी जाते आणि आयएसबीटी होते. वाचनालय किंवा शाळेचे सभागृह असावे, जिथे त्याचे काम पुढे चालू आहे. नाव लोक ज्या रूपात घेतात त्याच रूपात लिहावे. गावाने आयुष्यभर ‘गुरुजी’ म्हटले असेल तर पाटीवर ‘श्रीमान’ आणि ‘माननीय’ कशाला? दोन्ही भाषांची लिपी एकच असल्याने मराठी आणि हिंदी मजकूर एकाच पाटीवर सहज बसतो. फक्त गावाचे नाव लिहिताना ‘ण’ चा ‘न’ करू नये, एवढे पेंटरला आधी बजावून ठेवावे. आणि पाटीच्या खाली, बैठकीवर, चार ओळी असाव्यात: जन्म, शाळा, सभागृह, काम.

त्या चार ओळींसाठी एक विनंती करून थांबतो. तुमच्या घरच्या जुन्या ट्रंकेत एखाद्या शाळेच्या उद्घाटनाची निमंत्रणपत्रिका, शिक्षकांसोबतचा वर्गाचा फोटो, निवडणुकीचे पत्रक किंवा गुरुजींच्या सहीचे प्रगतिपुस्तक असेल, तर ते मंडळाच्या कपाटात आणून द्या. मूळ कागद द्यायचा नसेल तर झेरॉक्स चालेल. मागच्या बाजूला साल आणि कोणाच्या घरून आले ते नाव तेवढे पेन्सिलीने लिहा.